आगीत फुललेलं अभ्रक

टोमॅटोचं बी गादीवाफ्यावर पडतं, आठवड्याभरात हिरवी रेघ उठते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत रोपं मातीलगत पिचून आडवी होतात. देठ वर हिरवा असतो, पानं ताजी असतात, पण जमिनीलगतचा भाग पाणी धरून मऊ पडलेला असतो. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं हे काम. त्या मातीतच राहतात, आणि बियाला रुजायला लागते तीच ओल त्यांनाही हवी असते. रोपवाटिका चालवणाऱ्यांना हा रोग फार जुना. माती न वापरता रोप करता येईल का, हा प्रश्न या रोगातूनच आला.

इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी 1930च्या दशकात माती वाफवून निर्जंतुक केली, तिच्यात पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि वाळू मिसळली आणि ठरावीक प्रमाणाचं मिश्रण तयार केलं. मोठं काम होतं ते, पण चांगली माती आणायची, चाळायची, वाफवायची हा खटाटोप काही सुटला नाही. तो सोडवणारी वस्तू शेतीशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी, डोंगराच्या पोटात पडून होती.

व्हर्मिक्युलाईट हे अभ्रकाच्या गोत्यातलं खनिज. काळं किंवा तपकिरी अभ्रक दीर्घ काळ पाण्याच्या संगतीत राहिलं की त्यातलं पोटॅशियम हळूहळू निघून जातं आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचे रेणू जाऊन बसतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, मिलबरी गावाजवळ सापडलेल्या अशा खनिजाचं वर्णन थॉमस वेब याने 1824 साली केलं. तापवल्यावर त्याचे कण अळीसारखे वळवळत लांब होतात हे पाहून त्याने नावही तसंच दिलं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं या वळवळीचा कुणाला काही उपयोग सुचला नाही.

अभ्रक आगीत टाकून पाहण्याची रीत आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. रसशास्त्रात अभ्रकाचे पिनाक, दर्दुर, नाग आणि वज्र असे चार प्रकार मानले आहेत, आणि ते ओळखायचे आगीतल्या वागणुकीवरून. पिनाकाचे थर सुटतात, दर्दुर बेडकासारखा आवाज करतो, नाग फूत्कार टाकतो, वज्र जसंच्या तसं राहतं. भस्मासाठी घ्यायचं ते वज्राभ्रक. थर सोडणारं अभ्रक त्याज्य. पिनाक म्हणजेच व्हर्मिक्युलाईट, असा माझा दावा नाही. पण वैद्यांनी जो गुण दोष म्हणून बाजूला सारला, नेमक्या त्याच गुणावर पुढे एक आख्खा उद्योग उभा राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तो उद्योग वाढला अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यात, लिबी गावाजवळ. एडवर्ड अ‍ॅली 1919 साली तिथल्या खाणीच्या जुन्या बोगद्यात असताना ज्योतीच्या आचेने दगडातले कण फुगताना त्याला दिसले. त्यातून ‘झोनोलाईट’ नावाचा माल तयार झाला. भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला थरांमधल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि कण पेटीच्या भात्यासारखा उघडून आठपट ते वीसपट, कधी त्याहूनही जास्त फुलतो. सुरुवातीला तो मुख्यतः घरांच्या भिंतींत आणि माळ्यांवर थंडी अडवायला भरला जाई.

शेतीत त्याला भक्कम जागा मिळाली ती 1960च्या दशकात. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स बूडली आणि रेमंड शेल्ड्रेक यांनी निम्मं पीट आणि निम्मं व्हर्मिक्युलाईट असं मिश्रण बसवलं. वर थोडा चुना, सुपरफॉस्फेट आणि खत. मातीचा कणही नाही. भट्टीतून आल्यामुळे व्हर्मिक्युलाईटमध्ये बुरशी नसते, बी नसतं, तण नसतं. घनमीटरभर माल 60 ते 160 किलोच भरतो, त्यामुळे भरलेले ट्रे माणूस सहज उचलतो. शिवाय त्याच्या थरांवर ऋणभार असल्याने पोटॅश, अमोनियम यांसारखी अन्नद्रव्यं तिथे धरून ठेवली जातात आणि मुळांना हळूहळू मिळतात. वाळू ओल धरत नाही, नुसतं पीट एकदा कोरडं पडलं की लवकर पाणी घेत नाही. इथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात.

एक दाणा बोटांत धरून पाहावा. सोनेरी-तपकिरी, चौकोनी, कडेला पानं मोजता येतील असा. ओला करून चिमटीत दाबला की पानं एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. म्हणून ट्रे भरताना हाताने ठोकून बसवायचं नसतं, आणि फार काळ कुंडीत राहणाऱ्या झाडाला एकटं व्हर्मिक्युलाईट चालत नाही. बारीक दाण्याचा माल बियांवर पातळ पसरायला, जाड दाण्याचा छाटकलमांना.

आपल्याकडे पीट फारसं नाही, काथ्याचा भुसा मात्र भरपूर आहे. म्हणून कॉर्नेलची कृती इथे आली ती कोकोपीट घेऊन. भाजीपाल्याच्या प्रोट्रेसाठी कोकोपीट, व्हर्मिक्युलाईट आणि परलाईट 3:1:1 या प्रमाणात घ्यायची शिफारस सर्रास होते. देशात हे खनिज तमिळनाडूत सेवथूरला आणि आंध्रात नेल्लोरच्या अभ्रकपट्ट्यात मिळतं.

या कुळकथेतलं काळं पान लिबीचंच आहे. एके काळी जगातलं बहुतेक व्हर्मिक्युलाईट तिथून येई. पण त्या डोंगरात खनिजाच्या जोडीला ट्रेमोलाईट गटातल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतूही होते. खाणीतल्या धुळीच्या धोक्याची नोंद राज्याच्या तपासणीत 1956मध्येच झाली होती. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने 1963मध्ये खाण घेतली आणि ती 1990पर्यंत चालली. कामगार कपड्यांवर धूळ घेऊन घरी जात, मुलं मालाच्या ढिगांवर खेळत, उरलेला माल गावातल्या बागांत पडे. जग जागं झालं ते 1999मध्ये, सिएटलच्या एका वृत्तपत्राने हे छापल्यावर. फुफ्फुसाच्या आजारांनी शेकडो माणसं गेली, त्यांत खाणीत कधी पाऊल न टाकलेल्या बायकाही होत्या. 2009मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. रोपांना निर्धोक माध्यम देणाऱ्या त्याच गावाच्या वाट्याला हे यावं, हा अन्याय मला विसरता येत नाही.

दोष खनिजाचा नव्हता, त्या एका डोंगराचा होता. इतर खाणींतल्या मालात तंतू नसतात किंवा अगदी नगण्य असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2000 साली बागकामाच्या मालाची तपासणी केली, तेव्हा वापरणाऱ्याला धोका अत्यल्प असल्याचं म्हटलं आणि तरी काळजी सांगितली: मोकळ्या हवेत वापरा, धूळ उडू देऊ नका, माल ओला ठेवा. आपल्या रोपवाटिकांतही पोतं उघडल्यावर आधी पाण्याचा हबका मारावा, मिश्रण पत्र्याच्या बंद खोलीत न करता बाहेर करावं, रोज हे काम करणाऱ्या बायांना चांगला मास्क द्यावा. पोत्यावर खाणीचं नाव असेल तर वाचून घ्यावं, नसेल तर विक्रेत्याला विचारावं.