गरुडाचे पंख आणि अनामिकेचे हाड

कुंभकोणमच्या परिसरात, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीच्या प्रदेशात, नाच्चियारकोविल नावाचे गाव आहे. तेथील विष्णुमंदिरातील दगडी गरुड साऱ्या तमिळनाडूत प्रसिद्ध आहे. उत्सवाच्या दिवशी ही मूर्ती गाभाऱ्याबाहेर निघते तेव्हा तिला चार जण उचलतात. पुढे प्रत्येक टप्प्यावर तिचा भार वाढत जातो आणि आठ, सोळा, बत्तीस असे करीत अखेर चौसष्ट जणांना खांदा द्यावा लागतो, अशी परंपरा आहे. भक्ताच्या दृष्टीने हा गरुडाचा महिमा. शरीरशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र आणखी एका गोष्टीकडे जाईल. आपल्या शिल्पांतून दिसणाऱ्या मानवाकृती गरुडाला जोडलेले दोन हात असतात आणि शिवाय दोन पंखही असतात. शिल्पकाराला हे औदार्य परवडते. निसर्गाला ते कधी परवडले नाही. पाठीचा कणा असलेल्या ज्या ज्या प्राण्याने पंख मिळविले, त्याला त्यासाठी आपले हात द्यावे लागले.

पृथ्वीच्या इतिहासात हा सौदा तीन वेळा आणि तीन निरनिराळ्या रीतींनी झाला. पक्ष्याने आपली बोटे आखडून एकमेकांत जोडून टाकली आणि उडण्याचे काम पिसांवर सोपविले. वटवाघळाने अंगठा मोकळा ठेवला, उरलेली चारही बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबविली आणि त्यांवर कातडे ताणले. या दोघांच्याही आधी आकाशात उतरला तो तिसरा प्राणी आज हयात नाही. तो सरपटणाऱ्यांच्या कुळातला होता. शास्त्रज्ञ त्याच्या वर्गाला टेरोसॉर म्हणतात. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी तो अवतरला आणि ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तो पक्ष्यांचा पूर्वज नव्हे आणि डायनोसॉरही नव्हे, डायनोसॉरांचा फार तर चुलतभाऊ म्हणावा.

त्याच्या पंखाची रचना मोठी विलक्षण होती. अंगठ्यापासून मोजता पहिली तीन बोटे आखूड आणि नखरयुक्त असून मोकळी होती. पाचवे बोट, म्हणजे करंगळी, लोप पावले होते. चौथे बोट, ज्याला आपण अनामिका म्हणतो, ते मात्र एवढे लांबले होते की, पंखाच्या बाहेरच्या भागाचा सारा भार त्याच्या चार हाडांवर पडे. त्या एका बोटापासून अंगापर्यंत कातड्याचा पडदा ताणलेला असे. या पडद्यात बारीक तंतूंची गुंफण असल्यामुळे तो वाऱ्यात नुसता फडफडत राहत नसे. मनगटापाशी खांद्याच्या दिशेने वळलेले एक छोटे हाड होते. असे हाड दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात आढळत नाही. खांदा आणि मनगट यांमधील पुढचा लहान पडदा ते हाड सावरून धरी. हाडे पोकळ आणि पातळ कवचाची होती, आणि पंख हलविणाऱ्या स्नायूंना आधार म्हणून छातीचे हाड रुंद झाले होते. जमिनीवर उतरल्यावर हा प्राणी ते लांब बोट वर दुमडून घेई आणि उरलेल्या तीन बोटांवर व पायांवर चौपायांसारखा चाले. त्याच्या पाऊलखुणांवरून हे उघड झाले आहे. आपल्या भाषेत ज्या बोटाला धड नाव नाही, त्याच बोटाने एका प्राणिवर्गाला पंधरा कोटी वर्षांहून अधिक काळ आकाश मिळवून दिले.

परंतु ही रचना माणसाला एकाएकी उमगली नाही. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात चुनखडीच्या पातळ फरश्या निघतात. त्यांपैकी एका फरशीवर एका चिमुकल्या प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा उमटलेला होता. ती फरशी मानहाइम येथील राजसंग्रहात आली. तेथील संग्रहपाल कोसिमो कोलिनी याने १७८४ साली तिचे चित्र आणि वर्णन प्रसिद्ध केले. कोलिनी हा एके काळी व्हॉल्तेअरचा चिटणीस होता. त्याने हाडे नीट पाहिली, लांब बोटही पाहिले, पण हा पक्षी नव्हे आणि वटवाघूळही नव्हे, एवढे म्हणून तो थबकला. समुद्रात अज्ञात प्राणी पुष्कळ असतात, तेव्हा हाही तिकडचाच असावा, असा त्याचा कल होता.

पुढे स्ट्रासबर्गच्या हेरमान या अध्यापकाने पॅरिसला जॉर्ज क्युव्हिए याच्याकडे या प्राण्याचे चित्र पाठविले. क्युव्हिए हा तुलनात्मक शरीरशास्त्राचा आचार्य. मूळ फरशी न पाहता, केवळ चित्रावरून, १८०१ साली त्याने निर्णय दिला की, हा उडणारा सरीसृप आहे. त्याची कारणमीमांसा एखाद्या चांगल्या न्यायाधीशाच्या निकालपत्रासारखी होती. सस्तन प्राण्याचे दात नाना आकारांचे असतात, याचे सारे दात एकाच साध्या आकाराचे. याच्या जबड्याचा सांधा सस्तन प्राण्यासारखा नाही. बोटांतील पेरांची संख्या सरड्याच्या बोटांप्रमाणे क्रमाने वाढत जाते. आणि एवढ्या लांब बोटाचा उपयोग पडदा ताणण्यावाचून दुसरा कोणता असणार? १८०९ साली त्याने या प्राण्याला ‘पंखबोट्या’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. त्यावरूनच टेरोडॅक्टिल हा शब्द रूढ झाला.

याच काळात, कुंभकोणम ज्या तंजावरी मुलखात मोडते तेथील मराठी राजा दुसरे शरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे शरीरशास्त्रात रस घेत होते, हे मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, वैद्यकासाठी धन्वंतरी महाल चालविला आणि अस्थिरचना अभ्यासण्यासाठी हस्तिदंती सांगाडा मिळविला. हाडांकडे अमंगळ वस्तू म्हणून न पाहता ज्ञानाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी पॅरिसमध्ये होती, तशी ती कावेरीकाठीही होती.

क्युव्हिएचा निकाल सर्वांनी लगेच मानला असे नाही. मानहाइमचा संग्रह म्यूनिकला हलविला गेला होता. तेथे मूळ फरशी हाती असलेल्या झोमरिंग या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने १८१२ साली हा प्राणी वटवाघळाच्या जातीचा ठरविला. १८३० साली वाग्लर याने त्याला पाण्यात पोहणारा केला आणि पंखांची वल्ही केली. दरम्यान १८२८ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रेजिस येथे, जीवाश्म वेचून उदरनिर्वाह करणाऱ्या मेरी ॲनिंग या स्त्रीला असाच एक सांगाडा सापडला आणि हे प्राणी केवळ जर्मनीपुरते नव्हते हे कळले. पुढे रिचर्ड ओवेनने या प्राण्यांना सरड्यांसारखे थंड रक्ताचे ठरविले, तर हॅरी सीली याने १९०१ च्या आपल्या ग्रंथात ते पक्ष्यांसारखे उष्ण रक्ताचे आणि चपळ असल्याचे प्रतिपादन केले. १९७१ साली शारॉव या रशियन शास्त्रज्ञाने कझाकस्तानातील एका नमुन्यावर केसांसारखे आवरण दाखवून दिले, तेव्हा सीलीचे पारडे जड झाले. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्ससमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला पंखाची प्रचंड हाडे मिळाली. १९७५ साली त्याने या प्राण्याच्या पंखांचा विस्तार साडेपंधरा मीटर असावा असा अंदाज मांडला. पुढील अभ्यासकांनी तो दहा-अकरा मीटरांवर आणला. तरीही तो आजवरच्या सर्वांत मोठ्या उडत्या प्राण्यांपैकी एक ठरतो.

आपल्या देशातील खडकांनी याविषयी काय साक्ष दिली? कुंभकोणमच्या उत्तरेस कोळ्ळिडम नदी ओलांडून गेले की अरियलूरचा प्रदेश लागतो. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. मद्रास सरकारच्या मुलकी सेवेतील के आणि त्याचा मित्र कन्लिफ यांनी १८४० च्या सुमारास या भागातील शंखशिंपले गोळा करून लंडनला पाठविले. एडवर्ड फोर्ब्जने १८४६ साली त्यांचे वर्णन केले. पुढे भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या हेन्री ब्लॅनफर्डने या प्रदेशाची पाहणी करून १८६२ साली तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला. येथे सागरी प्राणी उदंड मिळाले आणि डायनोसॉरांची हाडेही मिळाली.

परंतु भारतातील उडत्या सरीसृपाला शास्त्रीय नाव मिळाले ते कावेरीकाठच्या नव्हे, तर गोदावरीच्या खोऱ्यातील अवशेषांवरून. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, प्राणहिता नदीकाठी सिरोंचा आहे. त्याच्या जवळच्या कोटा गावावरून तेथील खडकांना ‘कोटा थर’ म्हणतात. या थरांतील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विद्वानांना माहीत होते. १९५० नंतरच्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भूविज्ञानाचे काम सुरू झाले आणि त्या संस्थेच्या अभ्यासकांनी हे खोरे पिंजून काढले. याच थरांतून त्यांनी बारापासॉरस हा महाकाय डायनोसॉर उजेडात आणला आणि रवींद्रनाथ टागोरांचे नाव त्याला जोडले. याच संस्थेच्या सोहनलाल जैन यांनी १९७४ साली कोटा थरांतील काही तुटक अवशेषांवरून एक उडता सरीसृप वर्णिला. जर्मनीतील कॅम्पिलोग्नॅथॉइडिस या वंशाशी त्याचे साम्य त्यांना दिसले, म्हणून त्या वंशात त्यांनी ‘इंडिकस’ ही नवी जाती स्थापन केली.

तथापि ही गोष्ट एवढ्यावर संपली नाही. अमेरिकी अभ्यासक केव्हिन पेडियन यांनी २००८ साली या सबंध वंशाची फेरतपासणी केली, तेव्हा भारतीय जातीविषयी त्यांनी शंका व्यक्त केली. अवशेष इतके अपुरे आहेत की, त्यांवर एवढी मोठी ओळख उभी करता येत नाही, असा त्या शंकेचा आशय. हे वाचून कोणाच्या स्वाभिमानाला धक्का बसण्याचे कारण नाही. ‘इंडिकस’ हे नाव शंकेच्या यादीत गेले, हा जैन यांचा पराभव नव्हे. त्यांनी आपला पुरावा सर्वांसमोर मांडला, म्हणून तर तो तपासता आला. त्याच संस्थेतून पुढे अमेरिकेत गेलेले शंकर चटर्जी यांनी २००४ साली टेम्पलिन यांच्या सहकार्याने टेरोसॉरांच्या उड्डाणावर ग्रंथरूप विवेचन प्रसिद्ध केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण पुन्हा अरियलूरचेच आहे. तेथील कल्लमेडू गावाजवळ मिळालेल्या प्रचंड हाडांवरून यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८७ साली ‘बृहत्कायोसॉरस’ नावाचा डायनोसॉर वर्णिला. तो जगातील सर्वांत मोठ्या भूचरांपैकी असावा, असे काहींचे मत आहे. परंतु मूळ हाडे ठिसूळ होती आणि ती भुगा होऊन गेली. आज उरली आहेत ती रेखाचित्रे आणि २०२२ साली प्रकाशात आलेली जुनी छायाचित्रे. ती हाडे होती की दगड झालेले झाडाचे खोड, अशीही शंका घेतली गेली होती. मूळ वस्तूच नसल्यावर तिला पुरते उत्तर कोण देणार?

कोलिनीची फरशी मात्र टिकली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या एप्रिलमध्ये, म्यूनिकवर बाँब पडले आणि तेथील संग्रहालयातील ईजिप्तच्या स्पायनोसॉरसची अस्सल हाडे नष्ट झाली. तो चिमुकला टेरोडॅक्टिल त्यातूनही बचावला. ती फरशी टिकली, म्हणूनच कोलिनीचा सागरी प्राणी, झोमरिंगचे वटवाघूळ आणि वाग्लरचा पोहणारा जीव ही मते क्रमाने मागे पडली आणि क्युव्हिएचे मत उरले. विद्वानांची मते बदलतात, आणि ती बदलावीतच. ती कशाच्या आधारे बदलायची, तो आधार सांभाळणे हे काम मात्र विद्वानांच्या एकट्याच्या हातचे नाही. खाणीत फरशी फोडणाऱ्या कामगाराला तिच्यावरचा ठसा ओळखता आला पाहिजे, तो दाखवायला त्याला कोणी तरी भेटले पाहिजे, आणि दाखविलेली वस्तू कोरड्या, सुरक्षित जागी ठेवणारी संस्था जवळपास असली पाहिजे.

नाच्चियारकोविलच्या गरुडाचा भार वाहायला चौसष्ट खांदे पुढे येतात. प्राणहितेच्या काठी किंवा अरियलूरच्या माळावर उद्या एखादे अनामिकेचे हाड सापडले, तर त्याचे वजन काही तोळेच भरेल. पण ते जपून ठेवायलाही पुष्कळ खांद्यांची गरज लागेल.