गंगेच्या खोऱ्यातला मासा आणि पुन्हा उगवणारा स्नायू

१/९
बोटभर लांबीचा एक पट्टेदार मासा. हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला, तरी सुमारे दोन महिन्यांत तो भरून काढतो. हे त्याला कसे साधते, या प्रश्नाला तीन शतकांचा इतिहास आहे. #धागा

२/९
आरंभ युरोपात. १७१२ मध्ये रेओम्यूरने खेकड्याच्या जातकुळीतल्या क्रेफिशचे तुटलेले पाय पुन्हा उगवतात, असे नोंदवले. १७४० मध्ये त्रांब्लेने जलव्याल, म्हणजे हायड्रा, कापला; एकाचे दोन जीव झाले. मग आत्म्याचेही दोन भाग होतात काय? तत्कालीन विद्वानांना हा प्रश्न खरोखर छळत होता.

३/९
आपला मासा ग्रंथात आला तो कंपनी सरकारच्या काळात. बंगालची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगा व तिच्या शाखांमधील माशांवरील ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. आज जग त्याला झेब्राफिश म्हणते.

४/९
पुढे तो शोभेच्या काचपेटीत पोहोचला. ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगरने त्याला प्रयोगशाळेत आणले. १९८१ चा त्याचा शोधनिबंध निर्णायक ठरला. या माशाची पिल्ले पारदर्शक असतात. जिवंत शरीरात काय घडते, ते सूक्ष्मदर्शकातून थेट दिसते.

५/९
दुसरा धागा स्नायूंचा. १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरोला बेडकाच्या स्नायुतंतूंच्या कडेला, तंतूचे पटल आणि बाहेरचे आवरण यांच्या सांदीत, निद्रिस्त पेशी आढळल्या. त्याने त्यांना ‘उपग्रह पेशी’ म्हटले. याच स्नायूच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. इजा झाली की त्या जाग्या होतात.

६/९
२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी झेब्राफिशच्या पिल्लांत ही क्रिया प्रत्यक्ष टिपली. मूलपेशी दुभंगते, एक कन्यापेशी नव्या स्नायूच्या कामी लागते, दुसरी मूलपेशी म्हणूनच उरते. पीक घ्यायचे, पण बियाणे राखून ठेवायचे, असा हा व्यवहार.

७/९
मात्र हृदयाची कथा निराळी. २००२ मध्ये झेब्राफिशचे हृदय भरून येते, हे सिद्ध झाले. तेथेही मूलपेशीच राबत असाव्यात, हा तर्क स्वाभाविक होता. २०१० मधील दोन शोधनिबंधांनी तो खोडला : उरलेल्या हृदयस्नायूच्या पेशीच पुन्हा विभागू लागतात. मासा एक, स्नायू दोन, मार्ग दोन.

८/९
आता महाराष्ट्रात येऊ. १९४६ मध्ये पुण्यात ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ स्थापन झाली. शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे संस्थापक-संचालक. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था. तेथे चिन्मय पात्रा यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले, की इजेनंतर स्रवणारे एक प्रथिन झेब्राफिशच्या हृदयाच्या पुनरुत्पत्तीला चालना देते. त्याच प्रथिनाचा मणक्यांमधील चकत्यांवरील परिणामही या गटाने पुढे अभ्यासला.

९/९
हे केवळ कुतूहल नव्हे. माणसातही उपग्रह पेशी आहेत. म्हणूनच लहानसहान इजा भरून येतात. पण ड्यूशेन स्नायुक्षयात तंतू इतक्या वारंवार तुटतात, की दुरुस्ती मागे पडते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तर स्नायूच्या जागी व्रणच उरतो. माशाला जे जमते ते आपल्याला का जमत नाही, याचे उत्तर या रुग्णांसाठी मोलाचे आहे.

आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी बोध असा : एका ठिकाणी खरे ठरलेले कारण दुसऱ्या ठिकाणी गृहीत धरू नये. पुरावा प्रत्येक वेळी नव्याने मागावा.