धूम्रपान ते ई-सिगारेट : व्यसनमुक्ती की केवळ व्यसनांतर?

बारामती/इंदापूर : विडी-सिगारेट सुटत नसेल, तर तिच्याऐवजी ई-सिगारेट ओढावी, म्हणजे व्यसन आपोआप सुटेल, असा सल्ला अलीकडे समाजमाध्यमांतून सर्रास दिला जातो. महाविद्यालये, वसतिगृहे, औद्योगिक वसाहत आणि पुणे-सोलापूर महामार्गावरील वर्दळ यांमुळे बारामती व इंदापूर या तालुक्यांनाही हा विषय परका राहिलेला नाही. मात्र, ज्या ब्रिटनमधील संशोधनाचा दाखला यासाठी दिला जातो, तेथील परिस्थिती आणि येथील परिस्थिती यांत मोठे अंतर आहे. भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून कायद्याने संपूर्ण बंदी आहे. दुसरीकडे, व्यसन सोडण्यासाठीची मान्यताप्राप्त औषधे व मोफत समुपदेशन उपलब्ध असूनही त्यांची माहिती फारच थोड्यांना असते.

हे उपकरण नेमके काय?

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी एका द्रवाला उष्णता देते आणि त्यातून निघणारा बाष्पयुक्त फवारा ओढला जातो. या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तंबाखूविरहित सिगारेटचे एकस्व अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६५ मध्येच मिळविले होते. परंतु आजच्या स्वरूपातील उपकरण चीनमधील औषधनिर्माता होन लिक यांनी २००३ मध्ये विकसित केले आणि त्यानंतर ते जगभर पसरले.

साध्या सिगारेटच्या टोकाला झुरका घेताना सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जाते. त्या ज्वलनातून डांबर, कार्बन मोनॉक्साईड आणि हजारो रासायनिक द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी अनेक कर्करोगकारक आहेत. विडीचा धूर याहून सौम्य असतो, हा ग्रामीण भागातील समज चुकीचा आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नसल्याने विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते. परिणामी तंबाखू कमी असूनही डांबर व कार्बन मोनॉक्साईड मोठ्या प्रमाणात छातीत जातात.

माणसाला व्यसन लागते ते निकोटिनचे. मारक ठरतो तो प्रामुख्याने धूर. निकोटिन मिळावे पण धूर टळावा, या एका तत्त्वावर ई-सिगारेटची सारी बाजू उभी आहे.

सिगारेटपेक्षा कमी घातक?

इंग्लंडच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. हा आकडा प्रत्यक्ष मोजमापावर नव्हे, तर तज्ज्ञांच्या मतावर आधारलेला असल्याने त्यावर टीकाही झाली. तरीही जळत्या तंबाखूच्या तुलनेत यातील विषारी द्रव्यांचे प्रमाण बरेच कमी असते, हे बहुतेक शास्त्रज्ञ मान्य करतात.

व्यसन सोडण्यासाठी तिचा उपयोग होतो का, याची एक महत्त्वाची चाचणी ब्रिटनमध्ये ८८६ व्यक्तींवर झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर ई-सिगारेट दिलेल्या गटातील १८ टक्के, तर निकोटिनचे चिंगम, पट्टी आदी दिलेल्या गटातील ९.९ टक्के व्यक्ती धूम्रपानापासून दूर होत्या. ई-सिगारेटचे समर्थक एवढाच भाग सांगतात. याच चाचणीतील पुढचा भाग असा, की ई-सिगारेटच्या आधारे धूम्रपान सोडलेल्यांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. चिंगम-पट्टीच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. शिवाय दोन्ही गटांना किमान चार आठवडे प्रशिक्षित समुपदेशकाचे साह्य मिळत होते आणि तेथील द्रवाच्या घटकांवर व निकोटिनच्या प्रमाणावर कायद्याचे नियंत्रण होते.

याउलट, चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या मालात काय आहे, हे वेष्टनावरून कळण्याची कोणतीही हमी नसते. त्याचा परिणाम अमेरिकेत २०१९ मध्ये दिसून आला. फुफ्फुसांना अचानक इजा झालेले २,८०७ रुग्ण फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे नोंदविले गेले व त्यांपैकी ६८ जणांचा मृत्यू झाला. गांजातील मादक घटक असलेल्या, बहुतांशी अनधिकृत स्रोतांतून घेतलेल्या द्रवात मिसळलेले ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे आढळले.

दोन्ही चालू, तर लाभ नाही

ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी अनेक जण विडी-सिगारेट पूर्णपणे सोडत नाहीत. घरात किंवा कार्यालयात ई-सिगारेट आणि बाहेर टपरीवर नेहमीची सिगारेट, असे दुहेरी व्यसन सुरू राहते. ‘दिवसाला दहाची दोनवर आणली’ याचे समाधान मिळते. पण हृदयाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासानुसार, दिवसाला वीस सिगारेटी ओढल्याने पुरुषांत हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला केवळ एक सिगारेट ओढल्यानेही वाढतो. म्हणूनच कमी करणे ही पायरी असू शकते, मुक्काम नव्हे.

भारतातील कायदा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका प्रसिद्ध करून ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. त्यानंतर १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

- ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात यांवर बंदी आहे. ऑनलाइन विक्रीही यात येते.
- पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.
- साठा बाळगल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.
- निकोटिन नसलेली उपकरणे, ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापविणारी साधनेही बंदीच्या कक्षेत आहेत. ‘यात निकोटिन नाही, म्हणून चालते’ हा विक्रेत्यांचा दावा त्यामुळे टिकत नाही.
- औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना असलेली उत्पादने बंदीतून वगळली आहेत.

स्वतः ओढणाऱ्यासाठी या कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही. मात्र वस्तू विकत घेण्याचा कोणताही अधिकृत मार्ग नसल्याने, ती घेणारा प्रत्येक जण अनोळखी, बेकायदा पुरवठादारावर विसंबून राहतो.

विडी-सिगारेट मात्र २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील निर्बंधांसह उघडपणे विकली जाते. अधिक घातक वस्तू टपरीवर मिळते आणि तुलनेने कमी घातक वस्तूवर बंदी आहे, या विसंगतीवर बंदीचे विरोधक बोट ठेवतात. नव्या पिढीला निकोटिनची नवी वाट खुली होऊ नये, ही सरकारची भूमिका आहे. हा वाद मोठा असला, तरी आज विडी सोडू पाहणाऱ्या माणसापुढील प्रश्न व्यावहारिक आहे : त्याला विश्वासाने घेता येईल असे काय उपलब्ध आहे?

येथील मूळ दुखणे वेगळे

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे वा मिश्री लावणारे २४.४ टक्के होते. काही जण दोन्ही करीत असल्याने ही बेरीज एकूण आकड्याहून अधिक होते. म्हणजे राज्यातील तंबाखूचा प्रश्न धुराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, चुना-तंबाखूच्या डबीचा आणि मिश्रीचा आहे.

बारामती-इंदापूर हा उसाचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा या सहकारी कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की फडात पहाटेपासून कोयता चालतो आणि गाड्या-ट्रॅक्टर रात्रभर रांगेत उभे राहतात. भूक मारण्यासाठी, झोप घालविण्यासाठी आणि श्रमाचा शीण विसरण्यासाठी तंबाखूचा बार भरण्याची सवय अशा कामात सहज जडते. स्त्रियांमध्ये दात घासण्याच्या निमित्ताने सुरू झालेली मिश्री दिवसातून अनेक वेळा लावली जाते आणि तिला व्यसन मानलेही जात नाही. या वर्गासाठी ई-सिगारेट हे उत्तर नाही. तोंडात तंबाखू धरणाऱ्याने बाष्प ओढू लागल्यास, आजवर धुरापासून दूर राहिलेल्या त्याच्या फुफ्फुसांवर नवा भार पडेल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली, तरी तंबाखू व मिश्रीची सवय घराघरांत कायम आहे. मुखाच्या कर्करोगाचा धोका तिच्यामुळेच वाढतो.

मान्यताप्राप्त पर्याय कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडविण्याच्या उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. समुपदेशनाबरोबर निकोटिनची चिंगम-पट्टी, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांची शिफारस त्यात आहे. ई-सिगारेटचा या यादीत समावेश नाही.

चिंगम : दोन मिलिग्रॅमचे निकोटिन चिंगम औषधांच्या दुकानात मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल, तर चार मिलिग्रॅमच्या मात्रेची गरज असू शकते. ते डॉक्टरांनी ठरवावे. हे चिंगम नेहमीच्या चिंगमसारखे भरभर चावायचे नसते. तिखटपणा जाणवेपर्यंत सावकाश चावावे, मग गाल व हिरडीमध्ये धरून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. आधी पंधरा मिनिटे व चघळताना चहा-कॉफी घेऊ नये. त्याने निकोटिन नीट शोषले जात नाही. पद्धत चुकल्यास उचकी, मळमळ होते आणि ‘हे काही उपयोगाचे नाही’ म्हणून माणूस ते टाकून देतो.

पट्टी : त्वचेवर लावायची ही पट्टी दिवसभर थोडे थोडे निकोटिन देते. अधिक मात्रेपासून सुरुवात करून काही आठवड्यांत ती उतरवीत नेली जाते. तलफ अचानक उसळल्यास जोडीला चिंगम घेता येते.

गोळ्या : बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. फेफरे येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. गरोदर स्त्रिया व हृदयरुग्ण यांनी कोणताही पर्याय वैद्यकीय सल्ल्यानेच निवडावा.

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय व २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूर तालुक्यातील रुग्णांना इंदापूरच्या शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सल्ला घेता येतो. तंबाखू सोडायची आहे, असे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर आहे. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या सेवेचे विभागीय केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही आहे. हाच क्रमांक २०१८ पासून सिगारेट, विडी व तंबाखूच्या वेष्टनांवर छापणे बंधनकारक करण्यात आले.

पहिला महिना कसोटीचा

तंबाखू सोडल्यावर चिडचिड, झोपमोड, एकाग्रता न होणे, भूक वाढणे, बद्धकोष्ठता अशी लक्षणे दिसतात. पहिले दोन-तीन दिवस ती सर्वाधिक तीव्र असतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची प्रत्येक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, जागा बदलणे, कोणाशी तरी बोलणे यांत घालविल्यास ती निघून जाते. चहानंतरची सिगारेट, जेवणानंतरचा बार अशा ठरलेल्या वेळा ओळखून त्या वेळी बडीशेप, लवंग किंवा भाजलेले चणे जवळ ठेवावेत. सुपारी मात्र टाळावी, कारण ती स्वतःच कर्करोगकारक आहे. एखाद्या दिवशी हातून चूक झाली, तर प्रयत्न फसला असे न मानता दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. अनेकांचे व्यसन कित्येक प्रयत्नांनंतरच सुटते.

लाभही लवकर दिसू लागतात. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके उतरू लागतात आणि पुढील काही तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साईड सामान्य पातळीवर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो.

जे आधीच ई-सिगारेट ओढतात

अशा व्यक्तींनी घाबरून पुन्हा विडी-सिगारेटकडे वळणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरेल. किती निकोटिन जाते याची कल्पना डॉक्टरांना द्यावी आणि चिंगम वा पट्टीच्या साह्याने बाहेर पडावे. द्रवाची कुपी लहान मुलांच्या हाती लागणार नाही, याची दक्षता घ्यावी. थोडेसे द्रव पोटात गेले, तरी विषबाधा होऊ शकते.

पालक व शिक्षकांनीही सावध राहावयास हवे. ही उपकरणे पेन किंवा पेनड्राइव्हसारखी दिसतात आणि फळांच्या वा पुदिन्याच्या वासामुळे संशय येत नाही. कधीच विडी न ओढलेल्या मुलाच्या बाबतीत ‘कमी घातक’ या शब्दाला अर्थ उरत नाही. त्याच्यासाठी ती व्यसनाची सुरुवात असते आणि विशीच्या पुढेही विकसित होत असलेल्या मेंदूवर निकोटिनचा परिणाम अधिक खोल होतो. अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास बालन्याय कायदा, २०१५ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडे असे उपकरण आढळल्यास त्याला मारझोड करण्यापेक्षा ते कोठून आले हे विचारावे, विक्रेत्याची माहिती पोलिसांना द्यावी आणि मुलाला समुपदेशकाकडे न्यावे.