इमारतीचे आयुष्य मोजताना : जीवनचक्र मूल्यांकनाचा इतिहास आणि आयुर्मानाचे गृहीतक

बीजसंज्ञा : जीवनचक्र मूल्यांकन, अंतर्भूत ऊर्जा, बांधकाम साहित्य, पुनर्विकास, पर्यावरणाचा इतिहास

प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मूलभूत गरजांपैकी निवाऱ्याचा इतिहास बहुधा स्थापत्यशैली, आश्रयदाते आणि राजसत्ता यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. इमारत उभी राहताना किती जंगल तुटले, किती भट्ट्या पेटल्या आणि ती पाडल्यावर तिचा राडारोडा कोठे गेला, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी क्वचितच विचारले. गेल्या पन्नास वर्षांत अभियांत्रिकीने मात्र ते विचारले व त्यांच्या उत्तरासाठी एक पद्धती सिद्ध केली. खाणीतून कच्चा माल काढण्यापासून कारखाना, वाहतूक, बांधकाम, वापर, दुरुस्ती, पाडकाम आणि विल्हेवाटीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील ऊर्जा, पाणी, वायू व कचरा यांचा हिशेब मांडणाऱ्या या पद्धतीस जीवनचक्र मूल्यांकन असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या वाटचालीचा मागोवा घेऊन तिच्यातील एका गृहीतकाची भारतीय संदर्भात चिकित्सा केली आहे. ते गृहीतक म्हणजे इमारतीचे आयुष्य. लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, अभियंता नाही. त्यामुळे साहित्याचे ऊर्जामूल्य तज्ज्ञांकडून घेतले आहे. हिशेबाची सीमा कोणी व कोठे आखली, एवढाच येथे विचाराचा विषय आहे.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचा जन्म इमारतीतून झाला नाही, बाटलीतून झाला. १९६९ साली कोका-कोला कंपनीने शीतपेयाच्या निरनिराळ्या वेष्टनांची तुलना करण्याचे काम अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडे सोपविले. तो अहवाल कंपनीने प्रसिद्ध केला नाही. परंतु १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेयवेष्टनांचा तशाच धर्तीचा अभ्यास प्रकाशित केला. बाटली काही दिवसांत रिकामी होते, तिचे जीवनचक्र एका वर्षाच्या आत पूर्ण होते. इमारतीचे तसे नाही, ही अडचण पुढे सतत जाणवत राहिली.

इमारतींकडे लक्ष वळले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. वास्तुविशारद रिचर्ड स्टाइन आणि इलिनॉय विद्यापीठातील ब्रूस हॅनन यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रातील ऊर्जावापराचा हिशेब मांडला व १९७८ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वासिली लिओन्टिएफ यांच्या आदान-प्रदान सारणीचा त्यासाठी आधार घेतला होता. सिमेंटच्या पोत्यामागे चुनखडीची खाण, खाणीमागे यंत्र, यंत्रामागे पोलाद अशी साखळी या सारणीमुळे प्रथमच अंकांत पकडता आली.

पुढील टप्पा प्रमाणीकरणाचा होय. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे १४०४० हे मानक १९९७ साली आले व २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती १४०४४ या मानकासह निघाली. इमारतींसाठी २०११ चे युरोपीय मानक १५९७८ महत्त्वाचे ठरले. त्याने इमारतीच्या आयुष्याची विभागणी साहित्यनिर्मिती व बांधकाम, वापर, अखेर, आणि आयुष्यापलीकडील पुनर्वापराचे लाभ अशा टप्प्यांत केली. डेन्मार्कने २०२३ पासून मोठ्या नव्या इमारतींवर प्रति चौरस मीटर प्रतिवर्षी १२ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड-समतुल्य अशी कायदेशीर मर्यादा घातली. हा हिशेब पन्नास वर्षांच्या आयुष्यावर आधारलेला आहे. ब्रिटनमधील चार्टर्ड सर्वेक्षकांची संस्था साठ वर्षे धरते. पन्नास किंवा साठ हे आकडे कोणत्याही इमारतीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीतून आलेले नाहीत, ते तुलनेच्या सोयीसाठी ठरविलेले आहेत.

भारतीय योगदान

भारतात या विषयाची पायाभरणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाली. ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा उपयोग करण्याच्या हेतूने अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली तेथे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू झाले. त्या परंपरेतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी व के. एस. जगदीश यांचा २००३ चा शोधनिबंध आजही मूलभूत मानला जातो. ज्या साहित्याने भारतीय गवंडी घर बांधतो, त्याच साहित्याचे भारतीय परिस्थितीतील आकडे त्यात मिळतात. एक किलो सिमेंटमागे सुमारे ५.८५ मेगाज्यूल, पोलादामागे ४२, तर ॲल्युमिनियममागे जवळजवळ २३७ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. भट्टीत भाजलेल्या विटांच्या एक घनमीटर बांधकामात सुमारे २१०० मेगाज्यूल ऊर्जा सामावलेली असते. थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांत तीच ऊर्जा साधारण ६५० ते ८०० मेगाज्यूल भरते.

संपूर्ण इमारतींची तुलना अधिक बोलकी आहे. आठ मजली काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत प्रति चौरस मीटर सुमारे ४.२ गिगाज्यूल, भारवाहक विटांच्या भिंतींच्या दुमजली घरात २.९, आणि मातीचे ठोकळे वापरलेल्या घरात १.६ गिगाज्यूल, असे ते आकडे आहेत.

या शोधनिबंधातील आणखी एक आकडा इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चुन्याची ऊर्जा प्रतिकिलो ५.६३ मेगाज्यूल, म्हणजे सिमेंटच्या जवळपास आहे. जुने ते सारे पर्यावरणस्नेही, हा आपल्या परिसंवादांतून वारंवार ऐकू येणारा समज येथे अडखळतो. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी (१७३०-३२) सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आणल्याचे सांगितले जाते. चुनखडी भाजण्यास इंधन लागत होतेच आणि त्याकाळी ते बहुतांशी लाकूडच असणार. तेव्हा जुन्या वाड्याची बाजू मांडायची असेल तर ती चुन्याच्या बळावर मांडता येत नाही. वाड्याचे खांब, तुळया, घडीव दगड व भाजक्या विटा उतरवून दुसऱ्या बांधकामात बसविता येत असत, ही त्याची खरी बाजू. काँक्रीटचा स्लॅब फोडल्यावर सळई भंगारात जाते आणि उरलेल्याचा फार तर भराव होतो.

आयुर्मानाचा प्रश्न

टी. रमेश, रवी प्रकाश व के. के. शुक्ल यांनी २०१० साली तेरा देशांतील ७३ उदाहरणांचा आढावा घेतला. इमारतीच्या जीवनचक्रातील ८० ते ९० टक्के ऊर्जा वापराच्या काळात आणि १० ते २० टक्के साहित्यात खर्च होते, असे त्यांना आढळले. वापरातील बचतीवर सारा भर देणाऱ्या धोरणांना या प्रकारच्या निष्कर्षांचा भक्कम आधार मिळतो. आपली २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही भिंत-छपरातून येणारी उष्णता, वातानुकूलन व प्रकाशयोजना यांच्याविषयी होती. सिमेंट-पोलाद किती वापरावे याविषयी नव्हती.

परंतु थंड देशातील घराला वर्षातील अनेक महिने ऊब द्यावी लागते. आपल्याकडील सामान्य सदनिकेत पंखे, दिवे, दूरचित्रवाणी आणि शीतकपाट एवढाच वापर असतो. उदाहरणादाखल साठ चौरस मीटरची सदनिका घेऊ. बंगळूरच्या आकड्यानुसार तिच्या बांधकामात सुमारे २५० गिगाज्यूल ऊर्जा गेली. कुटुंबाचा वीजवापर महिन्याला शंभर युनिट धरला आणि एका युनिटमागे कोळशाची तिप्पट उष्णता खर्च होते असे मानले, तर वर्षाला सुमारे १३ गिगाज्यूल होतात. म्हणजे कुटुंब राहावयास येण्यापूर्वीच एकोणीस वर्षांच्या विजेइतकी ऊर्जा खर्ची पडलेली असते. इमारत साठ वर्षे टिकली तर बांधकामाचा वाटा सुमारे २४ टक्के पडतो. तीसच वर्षांत पाडली तर तो ३९ टक्क्यांवर जातो. (स्वयंपाकाचा गॅस, दुरुस्ती व पाडकाम यात धरलेले नाही. वातानुकूलन यंत्र बसविलेल्या घरात हे प्रमाण अर्थातच बदलेल.)

तीस वर्षे हा आकडा काल्पनिक नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करावी लागते. तपासणी म्हणजे पाडकामाचा आदेश नव्हे, हे खरे. तथापि वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाच्या आशेने पुनर्विकासाची चर्चा अनेक गृहनिर्माण संस्थांत दुरुस्तीच्या चर्चेआधीच सुरू होते. इमारत अनेकदा जीर्ण झाली म्हणून पडत नाही, तिच्याखालील जमीन महाग झाली म्हणून पडते. गळक्या, धोकादायक घरात राहणाऱ्या कुटुंबाला पुनर्विकास नको असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप हिशेबाच्या अपूर्णतेला आहे. जागेवर उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीस हरित मानांकन मिळते, त्या वेळी पाडलेल्या इमारतीत गुंतलेली व अर्ध्यावर वाया गेलेली ऊर्जा कोणाच्याच खाती पडत नाही.

लंडनमध्ये हा वाद जाहीरपणे झाला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्क्स अँड स्पेन्सरचे दुकान पाडून नवे बांधण्यास जुलै २०२३ मध्ये संबंधित मंत्र्यांनी परवानगी नाकारली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या सरकारने पाडकामास मान्यता दिली. निकाल पाडण्याच्या बाजूने लागला. तरी जुनी इमारत दुरुस्त केल्यास किती कार्बन आणि नवी बांधल्यास किती, ही कागदपत्रे दोन्ही पक्षांना मांडावी लागली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी बांधकाम व पाडकामाच्या राडारोड्याची जबाबदारी निश्चित केली, पण पाडावे की नाही या प्रश्नापर्यंत ते नियम पोहोचले नाहीत.

अभिलेखांतील शक्यता

आपल्या गावातील इमारती प्रत्यक्षात किती वर्षे जगतात, हे ठरविणे मुळात इतिहासाचे काम आहे आणि त्याची साधने महाविद्यालयाच्या अवतीभोवतीच आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत एका नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात काही दिवस बसण्याची संधी मिळाली. बांधकाम परवानगीची तारीख सापडते. इमारत कधी पाडली याचा स्वतंत्र कागद मात्र आमच्या हाती लागला नाही. शेवटी घरपट्टीच्या आकारणी नोंदवह्या कामी आल्या. एखाद्या मिळकतीपुढे मजल्यांची नोंद बंद होऊन एक-दोन वर्षे ‘मोकळी जागा’ असा शेरा पडतो व नंतर नव्या क्षेत्रफळाची आकारणी सुरू होते. त्या शेऱ्याचे वर्ष म्हणजे जुन्या इमारतीचे अखेरचे वर्ष होय. मिळकत पत्रिकेशी ते ताडून पाहता येते. नोंदवह्यांची काही पाने वाळवीने खाल्लेली आहेत आणि उरलेल्यांची शाई फिकी होत चालली आहे. त्यामुळे आम्ही सर्वांत जुन्या पेठेपासून नकलून घेण्यास आरंभ केला आहे.