नाग, घोडे आणि आपलं कात्रप



गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या पंप रूममागे घोणस निघाली. वॉचमनकाकांचा मोती आधी भुंकला, मग एकदम केकाटला. दंश तोंडावर. कुत्र्यांना बहुतेक वेळा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावरच चावते, कारण ते हुंगायला पुढे जातात. रात्रीचे साडेदहा. कोणत्या दवाखान्यात इंजेक्शन मिळेल हे शोधण्यातच दीड तास गेला. मोती वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर दोनच मतं. एक, दिसला की ठेचा. दोन, मागची सगळी झाडं तोडा. राग मलाही आलाय. पण हे दोन्ही उपाय आपल्या आधी लोकांनी करून बघितलेत. म्हणून जरा मागे जाऊ.

इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट होता. सरकारनं मेलेल्या फुरशामागे बक्षीस लावलं. 1862 च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवली, तर आठवडाभरात लाखावर फुरशी मारून आणली लोकांनी! वर्षानुवर्षं हा प्रकार चालला, पैसा गेला, माणसं दगड उलथत फिरली. आज रत्नागिरीत जाऊन विचारा, फुरसं संपलं का? कातळावर, दगडाखाली ते आजही आहे. मारण्याची मोहीम सरकारी तिजोरीच्या जोरावर जमली नाही, ती आपल्या चार काठ्यांनी जमणार आहे का?

मग माणसं वाचली कशानं? इथे गोष्ट घोड्यांकडे येते.

आपल्या गावाच्या नावाची दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. लांबचा प्रवास करणारे इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरी-खोटी देव जाणे. पण सापाच्या विषावरचं औषध मात्र खरोखरच घोड्यांनी दिलं. 1891 साली व्हिएतनाममधल्या एका गावात पूर आला. पाण्यामुळे नाग घरांत शिरले आणि निदान 40 जणांना चावले. त्या वेळी सायगावच्या प्रयोगशाळेत आल्बेर काल्मेत नावाचे फ्रेंच डॉक्टर होते. त्यांनी नागाच्या विषावर काम सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष तयार झालं. तत्त्व साधं आहे. घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचत जायचं. त्याच्या रक्तात विषाला मारणारे घटक तयार होतात. तेच काढून, शुद्ध करून माणसाला द्यायचे.

पुरानं घरात साप येतात, हे उल्हास नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. 26 जुलै 2005 आणि 2019 चा जुलै आठवा.

आपल्याकडे हे काम परळच्या हाफकिनमध्ये झालं. 1899 साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेली ही संस्था. पुढे तिथे सर्पविषाचा अभ्यास झाला, प्रतिविष बनू लागलं. तिथल्या डॉ. पु. ज. देवरसांनी सापांवर लोकांना समजेल असं पुस्तकही लिहिलं. आज मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकत्र चालतं. त्यासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात येतं ते चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीतून. ही सोसायटी 1978 ची. हे लोक साप पकडतात, विष काढतात आणि साप परत सोडून देतात. म्हणजे ज्याला आपण ठेचायला निघालोय, त्याच्याच विषातून आपल्या पोरांचं औषध बनतं.

आता कात्रपकडे या. जुनी माणसं सांगतील, इथे भातखाचरं होती. बांधावर उंदीर, उंदरामागे धामण आणि नाग. कातकरी बांधव बिळं खणून उंदीर काढायचे, तेही एक प्रकारे शेताची राखणच करायचे. 1992 मध्ये नगरपालिका वेगळी झाली. 2001 च्या जनगणनेत शहर लाखाच्या आत होतं, 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. खाचरं गेली, पण उंदीर गेले का? उलट वाढले! उघडा कचरा, प्लॉटवर पडलेलं राबिट, तुंबलेली गटारं, आणि (राग मानू नका) कुत्र्या-मांजरांसाठी रात्रभर उघडं ठेवलेलं खाणं. झाडं तोडून साप जाणार नाही. उंदीर आहे तोवर तो येणार. आणि बिनविषारी धामण मारली तर उंदीर आणखी वाढणार.

हा प्रश्न फक्त मोतीचा नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, असा अभ्यास आहे. जास्त करून खेड्यातली, शेतात राबणारी, गरीब. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. 2024 मध्ये केंद्रानं 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला आणि प्रत्येक सर्पदंशाची नोंद करा असं राज्यांना सांगितलं. नोंद झाली तरच औषधाचा साठा कुठे किती लागतो ते कळणार.

आता आपल्या हातातलं.

1. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकच काम करा. माणसांसाठी इंजेक्शन जवळ कुठे असतं, जनावरांचा रात्रीचा डॉक्टर कोण, हे फोन करून खात्री करा आणि लिफ्टजवळ लावा. आमच्या मोतीचा तो दीड तास वाचला असता.

2. साप दिसला तर वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. सेल्फी नको, काठी नको.

3. चावला तर आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. अंग हलू न देता 108 किंवा मिळेल त्या गाडीनं हॉस्पिटल. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, औषध चौघांनाही एकच आहे.

4. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी नीट खोचा. मण्यार रात्री चावते आणि कित्येकदा कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं आणि आपण ॲसिडिटी समजतो.

5. कुत्र्याचं भांडं रात्री आत घ्या. मोकळ्या प्लॉटवरचं राबिट आणि कचरा उचलण्यासाठी नगरपालिकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मी सोमवारी देतोय, सह्या करायला कोण येतंय?

नागपंचमीला आपल्या आज्या चिरायच्या-कापायच्या नाहीत, शेतात नांगर धरू द्यायच्या नाहीत. बिळातल्या जिवाला त्या एका दिवसाची तरी सूट होती. आपण त्याला बाकीचं वर्ष द्यायचं आहे, आणि आपल्या पोरांना, आपल्या मोतींनासुद्धा.

पोस्ट पटली तर आपापल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका.