खड्डामागावरचं लुगडं

मालेगावच्या इतिहासाची सुरुवात बहुतेकजण किल्ल्यापासून करतात. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1740 च्या सुमारास मोसम नदीकाठी तो बांधायला घेतला आणि 1818 च्या उन्हाळ्यात तिथल्या अरब शिबंदीने इंग्रजांना चांगलंच झुंजवलं. पण गावाला आजचा तोंडवळा दिला तो विणकरांनी.

1857 च्या उठावानंतर उत्तरेत धरपकड आणि सूडसत्र सुरू झालं. विलायती गिरणी कापडाने हातमागाचा धंदा आधीच मोडला होता. बनारस, मऊ, आझमगडकडचे मोमीन विणकर आग्रा रोड धरून दक्षिणेकडे निघाले. काही बऱ्हाणपूर, धुळ्याला थांबले, काही भिवंडीपर्यंत गेले. बरेचसे मालेगावात स्थिरावले. खानदेशचा कापूस जवळ, रस्ता हमरस्ता, बाजार मोठा. आणखी काय हवं?

त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असे, म्हणून तो खड्डामाग. विणकर खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय आत पावड्यांवर. पावडी दाबली की ताण्याचे धागे वरखाली व्हायचे, मधल्या फटीतून धोटा सुटायचा आणि फणीचा ठोका बसायचा. खड्ड्यातल्या ओलाव्यामुळे कोरड्या हवेतही सूत कमी तुटे. घरात उर्दू बोलणारा हा माणूस मागावर विणत होता मात्र मराठी बाईचं नऊवारी लुगडं! गिऱ्हाइकाची आवड ओळखल्याशिवाय परमुलखात चूल पेटत नाही.

परमुलखात जाऊन वसलेले विणकर इतरत्रही दिसतात. पाचव्या शतकात समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये गेलेले अँग्लो-सॅक्सनही विणकाम जाणणारे. सफोक परगण्यातल्या वेस्ट स्टो इथल्या उत्खननात जमिनीत खणलेल्या त्यांच्या झोपड्या सापडल्या आणि मागाची मातीची वजनंही. त्यांचा माग भिंतीला टेकून उभा असे. ही वजनं ताणा खाली ओढून धरत. साम्य इथंच संपतं. सॅक्सनांच्या भाषेने पूर्व ब्रिटनमधली जुनी केल्टिक बोली जवळजवळ पुसून टाकली. मालेगावात उर्दू, मराठी आणि अहिराणी एकाच बाजारात भाव ठरवत राहिल्या. दंग्यांचे दिवसही या गावाने पाहिले, पण बाजार हिंदू-मुसलमान दोघांशिवाय चालला नाही.

1930 च्या दशकात पॉवरलूम आले आणि हातमाग हळूहळू मागे पडला. आज शहरात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत; गल्लीत शिरलं की त्यांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही.

वेस्ट स्टोला सॅक्सनांची घरं मूळ जागेवर पुन्हा उभारली आहेत. मालेगावनेही एक खड्डामाग, धोटा-फणीसकट, चालू स्थितीत लोकांना पाहायला ठेवावा. तो चालवून दाखवू शकणारे हात आहेत, तोवरच हे करायला हवं.