घरगुती कंपोस्ट : चित्रफिती पाहून शिकताना

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे सूक्ष्मजीवांमुळे विघटन होऊन जे काळपट, भुसभुशीत व मातीचा गंध असलेले खत बनते, त्यास कंपोस्ट म्हणतात. आज अनेक जण ही कृती समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून शिकतात. तिची शास्त्रीय मांडणी मात्र इंदूरची आहे. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी तेथील प्रयोगांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचली.

प्रमाण : विघटनास साधारणपणे २५ ते ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतो. भाजीपाल्याची देठे, फळांच्या साली व चहाचा चोथा यांतून नत्र मिळतो. सुका पाला, लाकडाचा भुसा व नारळाचा काथ्या यांतून कर्ब. व्यवहारात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दीडपट ते दुप्पट सुका पाला पसरावा.

गोव्यातील पावसाळा : कोरड्या प्रदेशांतील चित्रफितींत पाणी शिंपडण्यास सांगितले जाते. गोव्यात जून ते सप्टेंबर हा सल्ला अंगलट येतो. पाणी साचले की हवा खेळत नाही, दुर्गंधी सुटते व अळ्या होतात. मिश्रण मुठीत दाबल्यास जेमतेम एक-दोन थेंब निघावेत. अधिक निघाल्यास सुका पाला मिसळून ढीग वरखाली करावा. पावसात असा पाला मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात अंगणात गळणारी पाने न जाळता पोत्यांत भरून ठेवावीत.

उष्णता : मोठ्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. बादलीएवढ्या डब्यात तेवढी उष्णता टिकत नाही. त्यामुळे वाफ दिसली नाही म्हणून प्रयोग फसला असे समजू नये. मात्र रोगट झाडे व तणांचे बी अशा डब्यात टाकू नये. मासळीचे अवशेषही टाळावेत. जागा असल्यास ते माडाच्या आळ्यात खोल पुरणे श्रेयस्कर.

पक्वता : पंधरा दिवसांत खत देण्याचे दावे सहसा अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचे असतात. घरगुती डब्यास दोन ते तीन महिने लागतात. मूळ पदार्थ ओळखू येईनासे झाले, ऊब ओसरली आणि मूठभर खत पिशवीत आठवडाभर बंद ठेवूनही दुर्गंधी आली नाही, तर ते पक्व समजावे. कच्चे खत कुजताना मातीतील नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात.